नागीण, तोंड-शेपूट आणि रविवारचं डोहाळजेवण

शेवंती_डों (बुधवार, रात्री १०:५०)

मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

सासऱ्यांना (वय ७१, मधुमेह, गोळ्या चालू) रविवारपासून उजव्या बरगडीखाली ठणकत होतं. आम्हाला वाटलं गॅस. ओवा झाला, हिंग झाला, काल शेकही झाला. आज सकाळी सासूबाई पाठीला तेल लावायला गेल्या तर कण्यापासून बरगडीवरून थेट पोटापर्यंत लाल पट्टा, आणि त्यावर मोहरीएवढे पाण्याचे फोड, घोसाघोसाने. शेजारच्या काकूंनी दारात उभं राहूनच निदान केलं, नागीण!

आता घरात तीन पक्ष. काकू आणि सासूबाई म्हणतात, डॉक्टरकडे गेलं की नागीण 'आत जाते'. आधी तीन दिवस दूर्वा-तांदळाचा लेप लावायचा आणि तोंड-शेपूट जुळू द्यायचं नाही, जुळलं की माणूस जातो. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना गेरूची रेघ ओढून झालीये, नाकाबंदी म्हणून. नवरा म्हणतो, अ‍ॅलर्जी असेल. सासरे म्हणतात, मला झोपू द्या.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी धाकट्या जावेचं डोहाळजेवण आमच्याकडे आहे. सातवा चालू आहे. तिला यातून काही होईल का? माझा मुलगा चार वर्षांचा आहे, तो दिवसभर आजोबांच्या मांडीवर असतो. आणि एक बाळबोध प्रश्न. नेटवर वाचलं की हा कांजिण्यांचाच विषाणू. सासऱ्यांना लहानपणी कांजिण्या झाल्यात. एकदा झाल्या की परत होत नाहीत ना? मग हे काय?

---

गार्गी (बुधवार, रात्री ११:०४)

शेवंती, बाकीचं वाचन नंतर. उद्या सकाळी पहिलं काम डॉक्टर. विषाणूरोधक गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर खरा उपयोग. 'तीन दिवस लेप' म्हणजे नेमके तेच ७२ तास. मधुमेह आहे हेही आवर्जून सांग, मूत्रपिंडाचे रिपोर्ट असतील तर सोबत ने. त्यावरून डोस ठरतो.

---

मुक्त_टवाळ (बुधवार, रात्री ११:०९)

नागिणीला गेरूची रेघ दिसते का पण? सापांची नजर म्हणे अधू असते.

(हलके घ्या. गार्गीताईंशी सहमत, सकाळी जाच.)

---

अण्णा_सांगलीकर (बुधवार, रात्री ११:३१)

इथं लगेच सगळे गोळ्यांवर उतरणार हे माहीतच होतं. आमच्या गावात गुरव नागीण उतरवतो. माझ्या वडिलांची उतरवलेली मी स्वतः बघितली आहे. पंधरा दिवसांत साफ, एक गोळी नाही. जुनी माणसं काय वेडी होती?

---

सूक्ष्मजीव_मास्तर (गुरुवार, सकाळी ७:१२)

शेवंतीताई, तुमचा बाळबोध प्रश्नच सगळ्यात चांगला आहे. मी कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

'परत होत नाहीत' हे बरोबर, पण त्याचा अर्थ 'विषाणू गेला' असा नाही. कांजिण्या बऱ्या होतात तेव्हा त्यातले काही विषाणू त्वचेतल्या मज्जातंतूंमधून मागे मागे सरकत कण्याजवळच्या मज्जापेशींच्या गाठींत जाऊन बसतात. आणि बसतात म्हणजे बसतातच, पन्नास-साठ वर्षं. तिथे ते वाढत नाहीत, जवळजवळ काही बनवत नाहीत, म्हणून शरीराच्या शिपायांना सहसा दिसतही नाहीत. पागडीचा भाडेकरू समजा. वाड्याच्या कोपऱ्यातल्या खोलीत, कुठल्या काळी आला कुणाला आठवत नाही, भाडं नाममात्र, निघता निघत नाही.

आता त्याला खोलीत कोण ठेवतं? आपण प्रतिकारशक्ती म्हटलं की अँटिबॉडी धरून चालतो. अँटिबॉडी रक्तात आणि पेशींच्या बाहेर फिरतात. बाहेरून नव्याने आलेल्या कांजिण्यांच्या विषाणूला त्या दारात अडवतात, म्हणून कांजिण्या दुसऱ्यांदा सहसा होत नाहीत. पण हा गडी पेशीच्या आत आहे. तिथे अँटिबॉडीचा हात पोचत नाही. आतल्यावर नजर ठेवणाऱ्या वेगळ्या, टी-पेशी. विषाणूने जरा डोकं वर काढलं की बाधित पेशी आपल्या अंगावर त्याचे तुकडे दाखवते, टी-पेशी ते ओळखतात आणि त्याला जागच्या जागी दाबतात. वय वाढलं की या विषाणूला ओळखणाऱ्या टी-पेशी कमी आणि सुस्त होतात. मधुमेह, कर्करोगावरची औषधं, दीर्घकाळ स्टेरॉइड, एचआयव्ही यांनीही होतात. पहारा ढिला पडला की एखाद्या गाठीतला विषाणू जागा होतो आणि ज्या मज्जातंतूवरून आत गेला त्याच वाटेने त्वचेकडे निघतो. वाटेत तंतू सुजवत येतो, म्हणून आधी ठणका आणि दोन-चार दिवसांनी फोड. तुमच्याकडे रविवार ते बुधवार तेच झालं.

आता तोंड-शेपूट. प्रत्येक गाठीतून निघालेला तंतू शरीराच्या एकाच बाजूची पट्टी सांभाळतो, उजवी किंवा डावी. त्याची हद्द मागे कण्याशी आणि पुढे पोटाच्या मध्यरेषेशी संपते. विषाणू एका गाठीतून निघाला तर त्याला पलीकडे जायला रस्ताच नाही. गेरू असो वा नसो. दोन्ही बाजूंच्या गाठी एकाच वेळी जाग्या होणं फारच दुर्मीळ, आणि झाल्या तरी टोकं जुळल्यामुळे कुणी मरत नाही. पुरळ पट्टी सोडून अंगभर पसरलं तर मात्र तातडीने दवाखाना. तेव्हा विषाणू रक्तात उतरलेला असतो.

---

पेठेतला (गुरुवार, सकाळी ७:४०)

मास्तर, माहिती उत्तम. पण आम्ही तीन पिढ्या पागडीवर आहोत आणि भाडं दर महिन्याला वेळेवर देतो. विषाणूशी केलेल्या तुलनेचा निषेध.

---

मुक्त_टवाळ (गुरुवार, सकाळी ७:४३)

पेठेतला, तुमचा मालकही तुम्हाला 'सुप्तावस्थेत' समजूनच जगतोय.

---

जर्मन_भाकरी (गुरुवार, सकाळी ११:५५)

स्टुटगार्टहून लिहितेय. इथे नागिणीला म्हणतात ग्युर्टेलरोझं, म्हणजे कमरपट्ट्याचा गुलाब. माझ्या घरमालकीणबाई (वय ८४) म्हणाल्या, 'पट्टा पूर्ण झाला की संपलं.' मी उडालेच! साप नाही, गुलाब आहे, पण भीती हुबेहूब काकूंचीच. मग थोडं शोधलं, तर पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीनेही हेच लिहून ठेवलंय, की या रोगाचा वेढा पूर्ण झाला की माणूस मरतो. 'झोस्टर' हा शब्दही ग्रीक, अर्थ पट्टा. म्हणजे शेवंतीच्या सासूबाई दोन हजार वर्षांच्या परंपरेत बसतात. नॉर्वेत तर याला नरकाची आग म्हणतात.

---

कुंदा_आजी (गुरुवार, दुपारी २:२०)

नरकाची आग हा शब्द बरोबर आहे. मला झाली होती. वय तेव्हा ६६.

छातीत डाव्या बाजूला चमका यायला लागल्या. मुलाने घाबरून दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, दोन रात्री आयसीयूत मॉनिटर लावून ठेवलं. सगळं नॉर्मल. तिसऱ्या दिवशी गाऊन बदलताना केरळची एक तरुण नर्स म्हणाली, आजी हे काय? डाव्या स्तनाखालून पाठीकडे फोडांची ओळ. ती हसायलाच लागली, म्हणाली हार्ट ओके, चला घरी. मोठ्या डॉक्टरांना जे दोन दिवस दिसलं नाही ते तिला एका मिनिटात दिसलं. अर्थात तोवर फोडच नव्हते, त्यांचा तरी काय दोष.

गोळ्या दिवसातून पाच वेळा. सुनेने मोबाइलवर पाच गजर लावून दिले होते. नातू प्रत्येक गजराला 'आजीऽऽ नागोबाऽऽ' करून ओरडायचा.

---

शेवंती_डों (गुरुवार, दुपारी ४:०५)

सर्वांचे आभार. सकाळी नेलं. त्वचेच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत नागीणच सांगितलं. क्रिअ‍ॅटिनिन तपासून गोळ्या लिहिल्या, सात दिवस. दुखण्यासाठी वेगळी. लेप बंद, जागा स्वच्छ आणि कोरडी, वरून सैल सुती कापड. लेपाबद्दल एवढंच म्हणाले की फुटलेल्या फोडांवर कच्चं वाटण लावलं की जंतू शिरतात.

सासूबाई गप्प आहेत. रेघ मात्र पुसू देत नाहीयेत.

एक गंमत. चिठ्ठीवर 'हर्पिस झोस्टर' लिहिलंय. नवऱ्याने ते गुगल केलं आणि तेव्हापासून वडिलांकडे जरा विचित्र नजरेने बघतोय. प्लीज कुणीतरी समजावा त्याला.

---

गार्गी (गुरुवार, दुपारी ४:२२)

नवरोबांना सांग, घराणं एक, भाऊ वेगळे. ओठांवर किंवा जननेंद्रियांवर फोड येतात ते हर्पिस सिम्प्लेक्स. हा त्याच कुळातला व्हॅरिसेला झोस्टर. सासरेबुवांचं चारित्र्य निष्कलंक आहे.

आता जावेचा प्रश्न, कारण तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. नागिणीपासून नागीण लागत नाही. पण फोडांतल्या पाण्यात जिवंत विषाणू असतो. ज्याला कधीच कांजिण्या झाल्या नाहीत आणि लसही नाही, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात. फोड झाकलेले असले तर शक्यता बरीच कमी, सगळ्या खपल्या धरल्या की संपली. गरोदरपणात कांजिण्या झाल्या तर आईला न्यूमोनियाची भीती, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळाला. तर जावेला विचार, तिला लहानपणी झाल्या होत्या का?

---

शेवंती_डों (गुरुवार, संध्याकाळी ६:४८)

विचारलं. तिच्या आईला फोन केला. आई म्हणाल्या, 'बाया आल्या होत्या तिला, चौथीत असताना. पण गोवर की कांजिण्या ते आठवत नाही बाई. उशाशी कडुलिंब ठेवला होता आणि घरात नऊ दिवस फोडणी दिली नव्हती, एवढं नक्की.'

आता फोडणीवरून निदान कसं करायचं?

---

सूक्ष्मजीव_मास्तर (गुरुवार, संध्याकाळी ७:३०)

फोडणी गोवरालाही बंद आणि कांजिण्यांनाही बंद, त्यामुळे हा पुरावा न्यायालयात टिकणार नाही. तिच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारून कांजिण्यांची आयजीजी तपासणी करून घ्या, साधी रक्ततपासणी आहे. अँटिबॉडी निघाल्या तर काळजी मिटली. नसतील तर खपल्या धरेपर्यंत दूर राहायचं, आणि चुकून संपर्क झालाच तर लगेच डॉक्टरांना कळवायचं. तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या दहा दिवसांत द्यावं लागतं.

उष्ण प्रदेशात कांजिण्या लहानपणी हमखास होतातच असं नाही. थंड देशांत शाळेतच उरकतात, आपल्याकडे पंचविशी-तिशीत पहिल्यांदा होणारे बरेच भेटतात. 'झाल्याच असतील' असं गृहीत धरू नका.

---

भटक्या_७७ (गुरुवार, रात्री ९:१५)

मला २९व्या वर्षी झाल्या, ऐन कंपनीच्या प्रोजेक्टमध्ये. अंगावर, डोक्यात, घशात, पापणीच्या आत. आई कडुलिंबाच्या पाल्याने अंग खाजवून द्यायची. त्यापेक्षा नागीण परवडली असती.

---

कुंदा_आजी (गुरुवार, रात्री ९:२१)

नाही परवडत बाळा. शिवाय आता कांजिण्या झाल्यात म्हणजे तुझंही तिकीट निघालेलं आहे.

---

अण्णा_सांगलीकर (गुरुवार, रात्री १०:०२)

माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. गुरवाकडे बरी झाली ती कशी?

---

निशिगंध (गुरुवार, रात्री १०:४०)

अण्णा, मी देते. टोमणा नाही, घडलेलं सांगते.

माझ्या आजीचीही उतरवली होती. फोड तीन आठवड्यांत गेले, कारण ते तसेही दोन ते चार आठवड्यांत जातातच. गुरवाला श्रेय मिळालं, नारळ आणि सव्वाशे रुपयेही मिळाले. पण ठणका गेला नाही. चार वर्षं. कातडीवर नुसता एक काळपट डाग आणि त्या डागाला वारा सोसायचा नाही. पंखा लावला की ओरडायची. ब्लाउजची डावी बाही उसवून टाकली होती, आणि झोपताना पदर अंगाला लागू नये म्हणून एका हाताने वर धरून ठेवायची. झोप लागली की हात खाली यायचा, पदर टेकायचा, जागी व्हायची. रात्रभर हेच. मी तिच्याच खोलीत झोपायचे.

नंतर ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, तंतूलाच इजा झालीये, आता तो खोटे निरोप पाठवत राहणार. वय जितकं जास्त तितका हा मागे राहणारा ठणका जास्त. वेळेत गोळ्या घेतल्या असत्या तर दुखणं नक्कीच टळलं असतं असं ते म्हणाले नाहीत. फोड लवकर सुकतात, सुरुवातीची आग कमी होते, एवढं म्हणाले. पण ती संधीही आम्ही दिली नाही.

गुरव चांगला माणूस होता. आजीच्या तेराव्यालाही आला होता.

---

अण्णा_सांगलीकर (शुक्रवार, सकाळी ६:५५)

निशिगंध, वाचलं. वडिलांनाही पुढे वर्षभर त्या बाजूला बनियन सहन होत नव्हता. आम्ही उष्णता म्हणत होतो.

---

रोमातला_राणा (शुक्रवार, सकाळी १०:१०)

एरवी रोमात (रीड ओन्ली मोडमध्ये) असतो, म्हणजे फक्त वाचतो, पण एक शंका. देवीचा रोग आपण जगातून घालवला. आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९७५ चा, जगातला नैसर्गिक लागणीचा शेवटचा १९७७ मध्ये सोमालियात, १९८० साली घोषणा. मग कांजिण्या का जात नाहीत? लस तर आहे.

---

सूक्ष्मजीव_मास्तर (शुक्रवार, दुपारी १:००)

राणा, रोमातून बाहेर आलात ते बरं झालं. देवीचा विषाणू माणसात लपून राहत नव्हता. रोगी एक तर मरायचा किंवा बरा व्हायचा, बरा झाला की विषाणू संपला. साखळी एकदा तोडली की काम झालं. कांजिण्यांचा विषाणू कांजिण्या होऊन गेलेल्या प्रत्येक माणसाच्या कण्याजवळ गुंतवणूक करून ठेवतो. समजा गावात तीस वर्षं एकालाही कांजिण्या नाहीत. एका आजोबांना नागीण होते, नातवाला मांडीवर घेतात, आणि साथ पुन्हा सुरू.

हे शोधलं एका लहान गावातल्या डॉक्टरने. एडगर होप-सिम्पसन, इंग्लंडमधल्या सायरेन्सेस्टरचे साधे फॅमिली डॉक्टर. मोठी प्रयोगशाळा नाही. स्वतःच्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी, शिवाय शेटलंडमधल्या येल नावाच्या एकट्या बेटावर जाऊन केलेली चौकशी. १९६५ मध्ये त्यांनी मांडलं की नागीण बाहेरून येत नाही, लहानपणचा विषाणूच जागा होतो. जितकं वय जास्त तितकी नागीण जास्त, हे त्यांच्या वहीतच दिसत होतं.

लसीचीही गोष्ट अशीच घरगुती आहे. जपानचे मिचिआकी ताकाहाशी १९६४ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला होते, तेव्हा त्यांच्या लहान मुलाला जबर कांजिण्या झाल्या. रात्र रात्र उशाशी बसून काढली. परत गेल्यावर लसीच्या मागे लागले आणि १९७४ मध्ये ती तयार झाली. ज्या मुलाच्या फोडातून विषाणू घेतला त्याचं आडनाव ओका, म्हणून तो वाण आजही ओका.

---

पेठेतला (शुक्रवार, दुपारी १:१४)

म्हणजे भाडेकरू हलत नाही आणि त्याच्या नावावर जपानी पाटीसुद्धा लागली.

---

भटक्या_७७ (शुक्रवार, दुपारी ३:३३)

नागिणीची लस आहे ना? 'माझं तिकीट' म्हणालात तेव्हापासून झोप नाही.

---

जर्मन_भाकरी (शुक्रवार, संध्याकाळी ५:०१)

आहे. शिंग्रिक्स. इथे साठीनंतर सगळ्यांना विम्यातून मिळते. भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीपुढच्यांसाठी. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. यात जिवंत विषाणू नाही, त्याच्या अंगावरचं एकच प्रथिन आहे. पण नुसत्या प्रथिनाला म्हाताऱ्या टी-पेशी भीक घालत नाहीत, म्हणून सोबत त्यांना खडबडून उठवणारं द्रव्य घालतात, त्यातला एक भाग चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. चाचणीत पन्नाशीपुढच्यांमध्ये ९७ टक्के संरक्षण दिसलं होतं. माझ्या आईबाबांना पुण्यात दिली. दोघांचेही दंड दोन दिवस वर होत नव्हते आणि बाबांना एक रात्र ताप. खिसाही बराच हलका झाला, ते आधी विचारून घ्या.

अजून एक. वेल्समध्ये जुनी, जिवंत विषाणूची लस देताना जन्मतारखेची रेघ आखली होती. २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेले पात्र, आधीचे नाहीत. म्हणजे आठवडाभराच्या फरकाने जन्मलेली माणसं, बाकी सगळं सारखं, एकाला लस आणि एकाला नाही. सात वर्षांनी पाहिलं तर लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश सुमारे एक पंचमांशाने कमी. २०२५ मध्ये आलं हे. का, ते अजून चर्चेत आहे.

---

मुक्त_टवाळ (शुक्रवार, संध्याकाळी ५:२०)

लसीचा दुसरा डोस विसरू नये म्हणून आधी स्मृती हवी, आणि स्मृती राहावी म्हणून लस हवी. छान आहे.

बाकी, लॉकडाऊनमध्ये प्यायलेला काढा टी-पेशींपर्यंत पोचला असेल का हो मास्तर?

---

सूक्ष्मजीव_मास्तर (शुक्रवार, संध्याकाळी ६:४४)

पोटापर्यंत नक्की पोचला. मलाही तेव्हा मिऱ्यांनी आम्लपित्त झालं होतं.

---

गार्गी (शुक्रवार, संध्याकाळी ७:०२)

भटक्या, पन्नाशी येईपर्यंत झोप घे, फार तर एकवीस वर्षं आहेत, किंवा तुझ्या नावातला ७७ आकडा खरा असेल तर आत्ताच बुकिंग कर. शेवंती, तुझ्या मुलाची कांजिण्यांची लस झालीये का? सरकारी लसीकरणात नसते, खासगीत घ्यावी लागते, म्हणून राहून जाते. आणि फोड कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. हे सासऱ्यांसाठी नाही, इथे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी.

---

शेवंती_डों (तीन आठवड्यांनी, सोमवार, रात्री ९:३०)

धागा वर काढतेय, अर्धवट सोडून पळाले होते.

जावेची तपासणी झाली. अँटिबॉडी भरपूर, म्हणजे चौथीतल्या त्या बाया कांजिण्यांच्याच होत्या. मुलाचा एक डोस झालेला होता, दुसरा राहिला होता, तो देऊन घेतला. मधे त्याच्या पायावर चार फोड दिसले आणि माझं धाबं दणाणलं. डास निघाले.

डोहाळजेवण ठरल्या दिवशी झालं. तोवर सासऱ्यांच्या खपल्या धरल्या होत्या, तरी ते स्वतःच मागच्या खोलीत बसले. दार अर्धं उघडं ठेवून ओटीची गाणी ऐकत होते आणि नातवाकरवी श्रीखंडाची वाटी दुसऱ्यांदा मागवत होते. साखर दुसऱ्या दिवशी तपासली, आकडा इथे लिहीत नाही. ठणका अजून आहे. शर्ट चालतो, बनियन नाही. सहा महिने बघू म्हणालेत डॉक्टर. लस त्यानंतर.

शेजारच्या काकू आल्या होत्या. पानावर बसल्या बसल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, 'बघ, वेळेत रेघ ओढली म्हणून तोंड-शेपूट जुळलं नाही.'

मी त्यांना अजून एक पुरी वाढली.

---

कुंदा_आजी (सोमवार, रात्री ९:४१)

योग्य केलंस.

---

पेठेतला (सोमवार, रात्री ९:५८)

सासरे सावरताहेत हे वाचून आनंद झाला. मास्तरांनी पागडीचं वाक्य अजून संपादित केलेलं नाही, याची नोंद घ्यावी.